मदत हवी आहे: दुसऱ्यांदा गर्भ पडल्यापासून धाकटी जाऊ गप्प झाली आहे

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यातले. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

जावेचं वय २९. पहिलं मिसकॅरेज दोन वर्षांपूर्वी, आठव्या आठवड्यात. दुसरं यंदा ज्येष्ठात, अकराव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके मिळाले नाहीत. चिपळूणला नेऊन पिशवी साफ केली, दुसऱ्या दिवशी घरी. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तिला कसं वाटतंय हे कोणीच विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही, लावणी तोंडावर होती.

आता पहाटे तीनला उठून पडवीत बसते. जेवण चिमणीएवढं. गणपतीचे मोदक दरवर्षी तीच वळते, एकवीस कळ्यांचे, वाडीतल्या बायका बघायला येतात. यंदा उकडीची पारी हातात घेऊन तशीच बसून राहिली. पारी वाळून तडकली तरी तिला पत्ता नाही. मी हातातून काढून घेतली तर रडलीसुद्धा नाही, हात धुवून आत जाऊन झोपली.

सासूबाई वाईट नाहीत, पण त्यांचं एकच, "सारखी चिंता करते म्हणून राहत नाही." देवळात गाऱ्हाणं घालून झालं. (माझा विरोध नाही. त्याने ती दोन घास जेवली असती तर रोज घातलं असतं.) भावोजी मुंबईला. परवा भांडी घासताना म्हणाली, "वहिनी, मी नसते तर ह्यांचं दुसरं लग्न तरी झालं असतं." तेव्हापासून माझीच झोप उडाली आहे.

हे दुःख की आजार? चिंतेने खरंच गर्भ पडतो का? आणि मानसोपचार म्हटलं की आमच्याकडे "रत्नागिरीला नेली" (म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात) एवढंच बोलतात, त्याचं काय करू?

सुरंगीचा_वळेसर:
आधी परवाचं वाक्य. आजच तिला एकटीला गाठून सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तसलं काही डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर एकटी सोडू नका, कलमांवर फवारायची औषधं कुलपात टाका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. तुम्हीही लावू शकता.

मी प्रसूती विभागात नर्स होते. सुरुवातीच्या महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचाच दोष असतो, तिथे कोणाच्या चिंतेचा नि कोणाच्या कळशी उचलण्याचा संबंध नसतो. चिंतेचं खापर तिच्या माथी फोडावं इतका पुरावा नाही, हे सासूबाईंना सांगाच. उलट दिशा, म्हणजे गर्भ गेल्याने मन खचणं, मात्र पक्की आहे. २०२० सालच्या एका अभ्यासात गर्भ गमावलेल्या बायकांपैकी महिन्याभराने २९ टक्के जणींत आघाताची लक्षणं होती, ११ टक्क्यांत मध्यम ते तीव्र नैराश्य. नऊ महिन्यांनीही १८ आणि ६ टक्के. दोन आठवड्यांवर झोप, भूक, रस सगळंच गेलं तर तपासून घ्यायचं. तुमच्याकडे महिने झालेत.

खाडीपलीकडे:
माझं २०१९ला गेलं. वर्षभर मी फक्त 'अशक्त' होते! थायरॉईडपासून सुरुवात करा. तो कमी असला तरी माणूस असाच मलूल होतो, आणि दोनदा पडलं असेल तर साखर, रक्त गोठण्याच्या तपासण्या, पिशवीचा आकार हेही बघतात. 'तपासण्यांना चाललोय' म्हटलं की वाडीला उत्तर मिळतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा केसपेपर इतरांसारखाच निघतो, दाखवून संध्याकाळी घरी. गोळ्या सुरू झाल्या आणि दिवस राहिले तर मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

मूळ धागाकर्ती:
विचारलं. "कधी कधी वाटतं" म्हणाली आणि ज्येष्ठानंतर पहिल्यांदा रडली, तासभर. औषधांची खोली कुलपात, चावी माझ्या कमरेला. १४४१६ला दोघी मिळून बोललो. रात्री तिच्याजवळच झोपले. भावोजी रातोरात निघालेत, सकाळी त्यांच्याबरोबर जिल्हा रुग्णालयात जातोय. सासूबाईंना निम्म्या गर्भांचं सांगितलं, काही बोलल्या नाहीत. पण डब्यासाठी तिच्या आवडीचे घावणे घालू का, विचारत होत्या.