पणजोबांच्या काळची शेती खरंच स्वावलंबी होती का?

कोरडवाहू:
'पूर्वीचा शेतकरी सुखी होता, कुणाच्या दारात जात नव्हता.' लग्न असो की दहावा, हे वाक्य ऐकू येतंच. पूर्वी म्हणजे नेमकं कधी? १९०० ते १९२० धरू, आणि दख्खनच्या कोरड्या पट्ट्याबद्दलच बोलू. शेतसारा रोख भरायचा. त्यासाठी सुगीत, भाव पडलेले असताना ज्वारी विकायची आणि पावसाळ्यात तीच सावकाराकडून दिडीनं उचलायची. म्हणजे एक पायली नेली की खळ्यावर दीड पायली मोजून द्यायची. हा माणूस कुणाच्या दारात जात नव्हता? शेतीतज्ज्ञ हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी केली होती. तिथली सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली. (हो, तेच पिंपळे सौदागर. आता तिथं चौरस फुटांत बोलतात.)

मोटकरी:
सावकार होता, कबूल. पण रोजचं घर त्याच्यावर चालत नव्हतं. बियाणं घरचं, खत गोठ्यातलं, औत गावच्या सुताराचं. विहिरीवरची चामड्याची मोट डोळ्यांपुढे आणा: बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की नाड्याला, म्हणजे दोराला, ताण बसून मोट वर यायची, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडायचं. त्यात गावाबाहेरून विकत आणायचं काय होतं? आज वीज गेली की आपण हातावर हात धरून बसतो. आणि सुतार-लोहारांना बलुतं धान्यात, वर्षाचं. रोकड लागायची ती साऱ्याला.

पहाटेचं_जातं:
दोघंही बांधावरच भांडताय, घरात कुणी डोकावेल का? मोटेवर गाणारा गडी सगळ्यांना आठवतो. पहाटे घरादाराचं दळण दळून, पाणी भरून, भाकऱ्या थापून, पुन्हा खुरपायला जाणारी बाई कुणाच्या हिशेबात आहे? १९१८ मध्ये पाऊसही गेला आणि इन्फ्लुएंझाची साथही आली. त्यात तरुण बाया पुरुषांपेक्षा जास्त दगावल्या. आजारपणातही घरच्यांची उस्तवार त्यांच्याच गळ्यात. तुमच्या स्वावलंबनाची मजुरी त्यांनी फुकट पुरवली.

मोटकरी:
ताई, साथ शहरांतही होती. ती शेतीच्या खाती कशी घालता? बाईच्या कष्टांचं मात्र नाकारत नाही.

पहाटेचं_जातं:
नाकारत नाही, पण मोजतही नाही. 'घरचं बियाणं' म्हणालात, ते निवडून, राख लावून कणगीत जपायचं कोण?

कोरडवाहू:
मोटकरी, रोकड फक्त साऱ्याला? बैल मेला, लग्न निघालं, विहीर खणायची झाली, तेव्हा पैसे कुठून यायचे? १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, ते काय हौसेनं? १८७९ मध्ये त्यावर खास कायदा करावा लागला, आणि तरी १९०४ मध्ये सरकारला सहकारी पतसंस्थांचा कायदा आणावा लागला. कर्ज किरकोळ असतं, तर एवढा खटाटोप कुणी केला असता?