अजिंक्यपदं तीनच, तरी केइओच्या रग्बीचा एवढा तोरा कशाचा?

योकोहामाचा_पाहुणा लिहितात:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण इथे जपानात मुरलेली बरीच माणसं आहेत म्हणून विचारतो.

मला योकोहामात येऊन तीन वर्षं झाली. आमचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, केइओ विद्यापीठाचे. एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलतील तर शपथ. पण नोव्हेंबर उजाडला की त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा मफलर दिसायला लागतो. २३ तारखेला केइओ विरुद्ध वासेदा विद्यापीठ, रग्बीचा सामना. सुट्टीचाच दिवस असतो तो, पण त्या दिवशी कोणी कामाचा फोन केला तर त्याचं वर्षभर खरं नाही.

गेल्या वर्षी मलाही चिचिबुनोमिया मैदानावर घेऊन गेले. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू घेऊन पळायचं पुढे आणि द्यायचा मात्र मागे, एवढं डोक्यात शिरेपर्यंत मध्यंतर झालं. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते. केइओने गुण मिळवले की शांत बसायचे, आणि एखाद्या पोराने समोरच्याला घोट्यात धरून आडवा केला की उठून टाळ्या!

घरी येऊन शोधाशोध केली. विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा १९६४ च्या मोसमापासून चालू आहे. त्यात वासेदाची डझनाहून जास्त अजिंक्यपदं. तेइक्योने तर २००९ ते २०१७ सलग नऊ मोसम दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आणि आमच्या काचोसानांचं केइओ? तीन. त्यातलीही दोन वाटून घेतलेली!

मग हा मान, हा तोरा कशाचा? नुसतं जुनं असण्याचा का?

---

गिंको यांचा प्रतिसाद:

हा प्रश्न काचोसानांना तोंडावर विचारला नाहीत ना? मग ठीक आहे.

मी बावीस वर्षं हियोशीत राहते. स्टेशनच्या एका अंगाला बाजार, दुसऱ्या अंगाला केइओचं आवार आणि गिंकोच्या झाडांची ती रांग. माझं इथलं नाव त्यावरूनच. भाषांतरं करून पोट भरते, आणि या क्लबशी माझी ओळख झाली ती एका चुकीच्या भाषांतरामुळे.

क्लबच्या अधिकृत नावात ‘रग्बी’ हा शब्दच नाही. नाव आहे ‘शुक्यूबु’. शु म्हणजे लाथ मारणं, क्यू म्हणजे चेंडू, बु म्हणजे मंडळ. लाथचेंडू मंडळच म्हणा ना. एका कागदात हा शब्द आला आणि मी बिनदिक्कत ‘फुटबॉल क्लब’ लिहून मोकळी झाले. ज्यांचं काम होतं त्या गृहस्थांनी फोन केला. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग अतिशय अदबीने म्हणाले, “सॉकरवाले वेगळे. ते आमच्या नंतर आले.” खरोखरच, १९२७ मध्ये सॉकरवाल्यांना विद्यापीठाच्या क्रीडामंडळात जागा मिळाली तोवर हा शब्द रग्बीवाल्यांनी कधीच घेऊन टाकलेला होता. त्यामुळे त्यांनी नाव लावलं ‘सोक्काबु’. आजही तेच चालू आहे. तोरा कुठून सुरू होतो म्हणाल तर इथून.

आता मूळ गोष्ट. साल १८९९. एडवर्ड ब्रॅमवेल क्लार्क नावाचा तरुण केइओत इंग्रजी शिकवत होता. जन्म योकोहामाचा, शिक्षण केंब्रिजचं. उन्हाळा संपला की बाहेर इतकी सुंदर हवा आणि ही पोरं नुसती वेळ घालवत बसलेली, हे त्याला बघवेना. रग्बी शिकवावी असं ठरवलं खरं, पण त्याचं जपानी यथातथाच. नियम समजावून सांगायचे कसे? मग त्याने तानाका गिन्नोसुकेला हाताशी धरलं. हाही केंब्रिजहून परतलेला, योकोहामातल्या रेशीम व्यापाऱ्याच्या घराण्यातला. थोडक्यात, जपानी माणसाच्या हाती रग्बी आली ती दुभाष्यामार्फत. धंद्याचा अभिमान म्हणा, पण मला ही गोष्ट सगळ्यात आवडते. विचार करा, स्क्रम (दोन्हीकडचे गडी डोकी घालून एकमेकांना रेटतात ते) म्हणजे काय हे १८९९ मध्ये पहिल्यांदा कसं सांगितलं असेल!

पहिला खरा सामना ७ डिसेंबर १९०१ ला, योकोहामातल्या परदेशी लोकांच्या क्लबाशी. ३५–५ असा सडकून मार खाल्ला. त्यांना हरवायला १९०८ उजाडलं. बिचाऱ्या क्लार्कचा उजवा पाय त्याच्या आदल्याच वर्षी, १९०७ मध्ये, दुखण्यामुळे कापावा लागला होता.

तोवर केइओला देशात खेळायला दुसरा जपानी संघच नव्हता. मग करायचं काय, तर आपणच तयार करायचे. १९१० मध्ये क्योतोच्या तिसऱ्या उच्च विद्यालयातल्या मुलांना केइओच्याच एका विद्यार्थ्याने शिमोगामो देवळाच्या राईत चेंडू कसा मारायचा ते दाखवलं. पुढच्या वर्षी त्यांच्याशीच सामना लावला. वासेदाचा क्लब १९१८ चा. त्यांच्याशी पहिली गाठ २३ नोव्हेंबर १९२२ ला, केइओ १४–०. ही तारीखही उगाच नाही. वासेदाच्या व्यवस्थापकाने जुन्या हवामानाच्या नोंदी काढून पाहिल्या आणि पावसाची शक्यता सगळ्यात कमी असलेला दिवस निवडला. शंभर वर्षं झाली, तारीख तीच.

आणि तुमच्या त्या आजोबांबद्दल. केइओवाल्यांचा एक लाडका शब्दप्रयोग आहे, ‘तामाशी नो टॅकल’. आपला तमाशा नव्हे हो, तामाशी म्हणजे आत्मा. टॅकल म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं. अंगापिंडाने आपण लहान, मग समोरचा कितीही आडदांड असो, त्याच्या पायांत शिरायचं, ही त्यांची जुनी शिकवण. थंडीत सकाळी मैदानाजवळून गेलं की टॅकलच्या पोत्यावर पोरं आदळल्याचा आवाज येतो. गच्चीवर वाळत घातलेल्या गादीवर काठी मारावी तसा, फक्त ओल्या गादीवर. एकामागून एक, अर्धा अर्धा तास. चेंडू त्या वेळात कुणाच्या हातातसुद्धा नसतो. उन्हाळ्यात यामानाका सरोवराकाठी त्यांचं शिबिर असतं. त्याचे किस्से माजी खेळाडूंना विचारा, बहुतेक जण आधी नुसतेच हसतात.

---

दुसरी_फळी यांचा प्रतिसाद:

गिंकोताई, लेख छान, पण एक खडा टाकतोच.

‘जपानी रग्बीचं जन्मस्थान’ असा दगड केइओने हियोशीत उभा केलाय. पण हियोशीचं आवार सुरू झालं १९३४ मध्ये! १८९९ ला केइओ तोक्योतल्या मितामध्ये होतं. म्हणजे दगड एकीकडे, बाळंतपण दुसरीकडे.

शिवाय योकोहामात परदेशी लोकांनी २६ जानेवारी १८६६ लाच फुटबॉल क्लब काढला होता, आणि त्यात इंग्लंडातल्या ‘रग्बी’ नावाच्या शाळेतून शिकून आलेले लोक होते. २०१९ च्या विश्वचषकाच्या वेळी योकोहामाच्या चायनाटाउनमधल्या बागेत त्याचाही दगड बसवला. पाहुणेभाऊ, तुम्हाला जवळच पडेल, मांजू खायला जाल तेव्हा बघून या. तिसरा दगड क्योतोत, त्याच शिमोगामोच्या राईत, ‘पहिली लाथ इथे बसली’ असा. तिथे एक छोटं देऊळही रग्बीचं देऊळ म्हणून ओळखलं जातं. एका खेळाला किती जन्मस्थानं असावीत?

---

गिंको यांचा प्रतिसाद:

दगडाचं मान्य. हियोशीचा दगड चुकीच्या गावी उभा आहे हे मीही येताजाता मनात म्हणते. १८६६ चंही मान्य, ते कागदोपत्री पक्कं आहे. पण ती मंडळी आपापसात खेळून, आपापसात बिअर पिऊन घरी गेली. तेहतीस वर्षांत एका जपानी पोराला त्यांनी संघात घेऊन शिकवल्याचं मी तरी वाचलेलं नाही. क्योतोचा दगड तर केइओच्याच खात्यात धरा, लाथ मारायला शिकवणारा त्यांचाच होता.

---

योकोहामाचा_पाहुणा लिहितात:

गिंकोताई, मनापासून आभार. ‘सोक्काबु’ची गोष्ट काचोसानांना सांगितली तर त्यांनी चक्क माझ्यासाठी मशीनमधून कॉफी आणली. पण ताई, माझा मूळ प्रश्न तुम्ही सफाईने टाळलात. तीन अजिंक्यपदं, त्यातली दोन अर्धी. त्याचं काय?

---

गिंको यांचा प्रतिसाद:

टाळला नव्हता, जपून ठेवला होता. पहिलं वाटणीचं १९६८ च्या मोसमातलं, वासेदाशी १४–१४. ते सोडून देऊ. दुसऱ्याची गोष्ट मात्र एक वर्ष आधीपासून सांगावी लागते.

जानेवारी १९८५, अंतिम सामना दोशिशाशी. दोशिशा म्हणजे त्या काळचा कर्दनकाळ, आधीची दोन वर्षं तेच विजेते. शेवटची मिनिटं, दोशिशा १०, केइओ ६. केइओच्या कप्तानाने चेंडू मागून आलेल्या गड्याकडे सोपवला आणि तो थेट दोन खांबांच्या मधोमध जाऊन ट्राय करून आला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून आला. तेव्हा ट्रायचे चार गुण, त्यानंतर मिळणाऱ्या किकचे दोन. किक अगदी समोरून, म्हणजे १२–१० धरूनच चाला. लोक उड्या मारतायत, आणि रेफरीची शिट्टी! पास पुढे गेला. ट्राय रद्द. १०–६ वर सामना संपला. त्याला इथे ‘मायावी ट्राय’ म्हणतात. रग्बी बघणाऱ्या जुन्या माणसापुढे नुसतं एवढं म्हणा आणि चहा मागवा, तासभर हलायला नको.

पुढचा मोसम. जानेवारी १९८६, अंतिम सामना मेजीशी, १२–१२. दोघे विजेते. पण राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी कंपन्यांच्या विजेत्याशी खेळायला एकच संघ जाणार. मग चिठ्ठ्या काढल्या, आणि केइओचं नाव निघालं. विद्यापीठाची पोरं आणि कंपन्यांचे कसलेले गडी यांची ती झुंज दरवर्षी १५ जानेवारीला व्हायची. त्याआधीची सलग सात वर्षं कामाइशीच्या पोलाद कारखान्याच्या संघाने विद्यापीठांचा चुराडा केला होता. या वेळी समोर टोयोटा. केइओ १८, टोयोटा १३.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं यश हेच, आणि तुमच्या त्या ‘तीन’मध्ये ते धरलेलंच नाही. ती वेगळी स्पर्धा! त्यानंतर फक्त एकदा, १९८८ मध्ये वासेदाने तोशिबाला २२–१६ असं हरवलं. मग कुठल्याच विद्यापीठाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालं नाही. आता तर तशी लढतच उरली नाही.

तिसरं, अखंड अजिंक्यपद आलं क्लबच्या शंभराव्या वर्षाच्या मोसमात. नव्वदच्या दशकात संघ पार रसातळाला गेला होता. टोयोटाला हरवलं तेव्हाचे प्रशिक्षक उएदा अकिओ यांनाच परत बोलावलं. एके काळचे हाफबॅक, जपानकडून खेळलेले, नोकरी टीव्ही कंपनीत. १५ जानेवारी २००० ला कांतो गाकुइनला २७–७ हरवून त्यांनी ते मिळवून दिलं. २०१५ मध्ये गेले ते, वय फक्त बासष्ट.

---

दुसरी_फळी यांचा प्रतिसाद:

खडा परत घेतो. १९८६ चं मला माहीत नव्हतं. चिठ्ठी उलटी निघाली असती तर? मेजीवाले अजून कपाळ बडवत असतील.

---

योकोहामाचा_पाहुणा लिहितात:

शेवटचं लिहितो.

आज जेवणाच्या सुट्टीत धीर करून काचोसानांना विचारलं, १९८५ चा तो पास पुढे गेला होता का. हातातले हाशी (जेवणाच्या काड्या) त्यांनी डब्यावर आडवे ठेवले. म्हणाले, तेव्हा ते दुसऱ्या वर्षाला होते, उभ्या जागांवर, थंडीत. मग टेबलावरचा स्टेपलर घेतला, तो कप्तान. टेपचं चाक म्हणजे ट्राय करणारा. खोडरबर म्हणजे चेंडू. स्टेपलर पळतोय, चाक त्याच्या जरा मागून तिरकं येतंय, आणि खोडरबर स्टेपलरकडून चाकाकडे. तीन वेळा करून दाखवलं. तिन्ही वेळा खोडरबर टेबलाच्या कडेपासून मोजलं तर किंचित पुढेच सरकलं. मी ते बघतोय हे त्यांनाही दिसलं.

“पळता पळता दिलेला चेंडू पुढे सरकल्यासारखा दिसतोच,” म्हणाले. “हातातून मागेच सुटला होता.”

मग खोडरबर खणात टाकलं आणि यंदाच्या २३ तारखेचं तिकीट काढू का विचारलं. काढा म्हणालो.