आठवीनंतर मुलीला महापालिकेच्या हायस्कूलात घालू का?

आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्क्यांतली खासगी शाळेतली फुकट जागा आठवीपर्यंतच. नववीची फी ऐकून आमचे मालक गप्पच बसले. ते यंत्रमागावर, मी घरी बिड्या वळते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या महापालिकेच्या शाळेत कुणाची मुलं आहेत का? खरं सांगा.

एक पालक: घाला ताई. माझा पोरगा तिथूनच दहावी झाला. गणिताचे सर अडलेल्याला तेलुगूत समजावतात, आमच्यासारख्यांच्या घरी ते कोण करणार? पण विज्ञानाला दिवाळीपर्यंत बाईच नव्हत्या. आणि पत्र्याखाली मार्चमध्येच पोरं भाजून निघतात.

नववीची विद्यार्थिनी: काकू, बाई चांगल्या आहेत, वह्या खरंच तपासतात. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, मैत्रिणीने दार धरायचं. ती गैरहजर असली की मी दिवसभर पाणीच पीत नाही. पोषण आहारही आठवीपर्यंतच, डब्यात भाकरी-शेंगाचटणी न्यावी लागते.

दुसरे पालक: कडीचं मीटिंगमध्ये दोनदा बोललो. ‘लिहून द्या’ म्हणाले. दिलं.

प्रश्न विचारणारी: बरं सांगितलंस गं बाळा. उद्या बिड्या देऊन येताना जाते शाळेत. कडी मीच नेते, बसवू देतील ना?