भाजीतले लोह आणि जेवणावरचा चहा

पालेभाजी रोज खाल्ली की रक्त वाढते, लोहाच्या गोळ्यांची गरज पडत नाही, असे या चर्चेत दोघांनी लिहिले आहे. पालेभाजीविषयी माझे दुमत नाही. परंतु भाजीत लोह किती आहे, यापेक्षा त्यातले शरीरात किती शोषले जाते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वनस्पतिजन्य लोह मांसातल्या लोहापेक्षा बरेच कमी शोषले जाते. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असेल तर हे प्रमाण वाढते आणि चहातील टॅनिनसारखे घटक लोहाला बांधून ठेवत असल्यामुळे ते घटते.

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी ज्वारीची भाकर आणि भाजी खाऊन लगेच त्यावर चहा घेतात. माझ्या आईचे हिमोग्लोबिन 8 पर्यंत उतरले होते, आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याही ती चहासोबतच घेत होती, हे आम्हाला महिनाभराने कळले. मग चहा जेवणापासून दीड-दोन तास दूर नेला. वरणावर लिंबू पिळायचे ते ताटात वाढल्यावर, कारण 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते; हिवाळ्यात कच्चा आवळा आणि पेरू तर घरचाच. गोळ्या मात्र सुरूच ठेवल्या, कारण इतकी कमतरता केवळ आहाराने लवकर भरून निघत नाही. तीन महिन्यांनी आकडा साडेदहावर गेला.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता, म्हणून गोळ्या सोडण्याचा सल्ला कृपया कोणी देऊ नये.