ऱ्होडेशियन लेफ्टनंटची रोजनिशी: अस्सल कागद की गोऱ्यांची बखर?

पायवाट

गेले दोन महिने एकाच प्रकारचं वाचन चाललंय. १९७०च्या दशकात ऱ्होडेशियाच्या पायदळातल्या कोवळ्या अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या रोजनिश्या. काही छापलेल्या आहेत, काही घरच्यांनी टाइप करून नातलगांत वाटलेल्या. सध्या हातात आहे ती एका लेफ्टनंटची. वय वीस-एकवीस, सक्तीच्या लष्करी सेवेत आलेला.

ज्यांना हा भाग नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ऱ्होडेशिया म्हणजे आजचा झिंबाब्वे. ११ नोव्हेंबर १९६५ ला इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारने ब्रिटनला धुडकावून परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं. जगातल्या एकाही देशाने त्याला रीतसर मान्यता दिली नाही. गोरे तीन लाखांच्या आत, काळे पन्नास लाखांच्या वर, आणि १९६९ च्या कायद्याने जमिनीची वाटणी जवळपास निम्मी-निम्मी! मग गनिमी युद्ध पेटलं. काळ्यांच्या दोन गनिमी सेना, मोझांबिककडून झानला, झांबियाकडून झिप्रा. खरा भडका २१ डिसेंबर १९७२ ला आल्टेना फार्मवरच्या हल्ल्याने उडाला आणि युद्ध थांबवणाऱ्या लँकेस्टर हाउसच्या करारावर सह्या झाल्या २१ डिसेंबर १९७९ ला. तारखेला तारीख, बरोबर सात वर्षं.

माझं म्हणणं असं, की या युद्धावरच्या जाडजूड आठवणींपेक्षा या रोजनिश्या कितीतरी भरवशाच्या. आठवणी हरल्यानंतर लिहिल्या, त्यामुळे त्यात 'आम्ही रणात हरलोच नव्हतो, राजकारण्यांनी घात केला' हे पालुपद असतंच. रोजनिशी लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो. तो लिहितो की बूट फाटले, पाणी संपलं, टेकडीवर चार दिवस बसून काहीही हाती लागलं नाही. बखरींच्या ढिगापेक्षा एक अस्सल चिठोरं भारी, असं राजवाडे सांगून गेलेत. हे ते चिठोरं आहे.

अबोली

चिठोरं अस्सल असेल हो, पण त्यावरचा मजकूर खरा आहे हे कोणी ठरवलं? राजवाड्यांचा मुद्दा कागद बनावट नसावा एवढाच होता. निजामाच्या वकिलाचं अस्सल पत्रसुद्धा निजामाचीच बाजू सांगणार.

तुमच्या लेफ्टनंटने 'टेकडीवर चार दिवस' लिहिलंय ना? ते काय असतं ते सांगा की सगळ्यांना. तीन-चार जण टेकडीवर दडून खालच्या वस्तीवर दुर्बीण लावून बसायचे. कुठल्या झोपडीतून धूर निघतो, घरात माणसं किती आणि साद्झा (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, तिथलं रोजचं अन्न) किती रांधला जातो, कुठली बाई डोक्यावर भांडं घेऊन झाडीकडे जाते. घरच्या तोंडांपेक्षा रांधणं जास्त झालं की झाडीत गनीम आहेत, असा हिशोब. मग वायरलेसवर निरोप, आणि थोड्या वेळात डोक्यावर हेलिकॉप्टरं. त्या बाईचं पुढे काय झालं, हे तुमच्या चिठोऱ्यात आहे? भांड्यांची मोजदाद असेल. तिचं नाव असेल?

जुनी_छावणी

मी पायदळात बावीस वर्षं काढली, म्हणून दोन शब्द.

अबोलीताई, तुम्ही सांगितलेला प्रकार बरोबर आहे. त्याला ते फायरफोर्स म्हणत. हेलिकॉप्टर अलुएट-३, म्हणजे आपलं चेतकच. त्यात चार शिपाई मावायचे, म्हणून त्यांची तुकडीच चौघांची. तिला ते 'स्टिक' म्हणत. एका हेलिकॉप्टरला वीस मिलिमीटरची तोफ, त्यात कमांडर बसून घिरट्या घालत खालच्या स्टिका हलवायचा. रायफल एफएन, आपल्या जुन्या एसएलआरची थोरली बहीण. हे सगळं वाचताना हात ओळखीच्या वस्तूवर पडल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण वीस वर्षांच्या पोराकडून तुम्ही न्यायाधीशाचं काम मागताय. गस्तीवर माणूस लिहीत नाही. डायरी सोबत नेऊच देत नाहीत, शत्रूच्या हाती पडली तर? तो तळावर परतल्यावर लिहितो, आंघोळ, जेवण, झोप झाल्यावर. चकमकीबद्दल तीन ओळी आणि जेवणाबद्दल पाच, असं का होतं ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. बाईचं नाव त्याला माहीतच नव्हतं, तर लिहिणार कुठून?

अबोली

काका, 'माहीतच नव्हतं' हाच तर माझा मुद्दा आहे. चार दिवस तिच्या चुलीकडे बघत बसला आणि नाव माहीत नाही.

आणि आणखी एक. १९७५ मध्ये तिथे कायदा झाला, की सुरक्षा दलाच्या माणसाने 'सद्हेतूने' केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला चालणार नाही. सरकारी पत्रकांत मेलेल्या गावकऱ्यांसाठी ठरावीक शब्द होते: 'गोळीबाराच्या मध्ये सापडले', 'संचारबंदी मोडली'. रोजनिशीत हेच शब्द येतात की नाही, पायवाट, खरं सांगा. रात्री कंदिलाच्या उजेडात एकटा बसून लिहितानाही माणूस पत्रकाची भाषा लिहीत असेल, तर तुमचं चिठोरं पत्रकाची नक्कल आहे.

पायवाट

येतात. 'संचारबंदी मोडणारे दोन' अशी नोंद आहे. त्यापुढे हवामान.

पण बघा, ही ओळ मला कळली कशामुळे? त्याने लिहिली म्हणूनच. पुढे आठवणी लिहायला बसला असता तर पहिली हीच गाळली असती.

टवाळ_कार्टं

एकूण काय, गोऱ्याने लिहिलं तरी चूक आणि नाही लिहिलं तरी चूक. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मुसासा

मी नव्वदच्या दशकात हरारेत सहा वर्षं नोकरीला होतो. टोपणनाव तिथल्याच झाडाचं. गोऱ्यांच्या लिखाणात या युद्धाला 'बुश वॉर' म्हणतात म्हणून सांगतो, तिथे माझ्यासमोर हा शब्द एकाही काळ्या सहकाऱ्याने वापरला नाही. त्यांच्यासाठी ती चिमुरेंगा, म्हणजे मुक्तीची लढाई, तीही दुसरी. पहिली १८९६-९७ ची. त्या उठावातल्या नेहांडा या स्त्रीला इंग्रजांनी १८९८ मध्ये फासावर दिलं. 'बुश वॉर' म्हटलं की ती झुडपांतली मारामारी होते आणि झुडपांपलीकडची घरं दिसेनाशी होतात.

पण अबोली, तुमचं चित्रही अर्धंच आहे. गनिमांनी रात्र-रात्र घेतलेल्या सभांना पुंग्वे म्हणत. गाणी, घोषणा, भाषणं, आणि मग कोण फितूर आहे त्याची झडती. फितुराला 'मुटेंगेसी', म्हणजे आपल्यांना विकणारा. त्यात खरे किती आणि शेजाऱ्याने जुन्या भांडणापायी नाव घेतलेले किती, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. निरोप पोचवणारी पोरं म्हणजे मुजीबा, रांधणाऱ्या मुली चिंब्विडो. रात्री गनिमांना जेवू घातलं नाही तर मार, घातलं तर सकाळी हेलिकॉप्टर. माझा एक सहकारी लहानपणी मुजीबा होता. हसत हसत सांगायचा, आणि मध्येच गप्प व्हायचा. चिवेशेचा भाग तर १९७४ मध्ये अख्खाच्या अख्खा काटेरी तारांच्या आत हलवला. नाव 'संरक्षित गाव'.

ही सगळी नोंद ठेवली कोणी? तिथल्या कॅथलिक न्याय आणि शांतता आयोगाने. गोऱ्या सरकारच्या जुलमांची ठेवली, आणि पुढे १९८३ पासून, स्वतंत्र झिंबाब्वेचे पंतप्रधान मुगाबे यांच्या पाचव्या ब्रिगेडने माताबेलेलँडमध्ये जे केलं त्याचीही. त्यामुळे मला वाचायचं असेल तर मी आधी त्यांचे अहवाल वाचेन, लेफ्टनंट नंतर.

जुनी_छावणी

मुसासा, प्रतिसाद आवडला. एक विचारतो. रायफल्स रेजिमेंटमध्ये काळे शिपाईच तर होते ना? त्यांचं काय?

मुसासा

हो, ऱ्होडेशियन आफ्रिकन रायफल्स. शिपाई काळे, अधिकारी बहुतेक गोरे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेली रेजिमेंट. गंमत बघा, स्वातंत्र्यानंतर फेब्रुवारी १९८१ मध्ये बुलावायोजवळ एंटुंबानेला झिप्राचे सैनिक उठले, तेव्हा त्यांना आवरायला मुगाबे सरकारने याच रेजिमेंटची पहिली बटालियन पाठवली. वर्षभरापूर्वीचा शत्रू. या शिपायांनी रोजनिश्या लिहिल्या असतील तर मला वाचायला मिळाल्या नाहीत. पायवाट, तुमच्या वाचनात एखादी आली का?

पायवाट

नाही.

सनावळी

अस्सल की बनावट, यासाठी माझी एक साधी कसोटी आहे. कुठलीही ऱ्होडेशियन रोजनिशी हाती आली की मी आधी २४ सप्टेंबर १९७६ चं पान उघडते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी दबाव आणल्यावर त्या संध्याकाळी इयन स्मिथ रेडिओ-टीव्हीवर आले आणि दोन वर्षांत बहुसंख्याकांचं राज्य येईल हे त्यांनी कबूल केलं. म्हणजे ज्यासाठी लढत होतो ते संपलं. या पानावर अर्धा पान शहाणपण असेल, तर ते बहुधा मागाहून घुसडलेलं. एखादी ओळ, ती पण अपुरी, आणि पुढे उकाड्याची तक्रार असेल तर मी विश्वास ठेवते. (सप्टेंबर-ऑक्टोबर तिथे पावसाआधीचे, जीव नकोसा करणारे महिने. गनीम यायचे ते त्यानंतर, पाऊस पडून झाडी दाटली आणि जागोजागी पाणी झालं की.)

पायवाट

सनावळी, उघडलं. भाषण ऐकलं एवढंच आहे. 'सगळे गप्प.' मग एका शिपायाच्या पायाला झालेली जखम.

अबोली

चला, अस्सल आहे हे मान्य. आता माझी कसोटी लावा. नावं मोजा. गोऱ्या सहकाऱ्यांची, काळ्या शिपायांची, गावकऱ्यांची.

जुनी_छावणी

ताई, नावं मोजून इतिहास होत नाही. त्याच पोरांची दुसरी बाजूही बघा. १९७६ पासून सक्तीची सेवा दीड वर्षाची झाली. नंतर राखीव दलातल्या माणसांना सहा आठवडे जंगलात, सहा आठवडे घरी, असं वर्षानुवर्षं फिरवलं. धंदे बसले, संसार मोडले, कित्येक देश सोडून गेले. ३ सप्टेंबर १९७८ ला झिप्राने करिबाहून निघालेलं प्रवासी विमान पाडलं आणि वाचलेल्यांतल्या दहा जणांना जमिनीवर गोळ्या घातल्या. त्या दिवसाची नोंद रागाने भरलेली असेल तर तुम्ही तिला काय म्हणणार, पत्रकाची भाषा?

अबोली

नाही काका, ती राग म्हणूनच वाचेन. राग खराच आहे तो. पण ९ ऑगस्ट १९७६ ला मोझांबिकमधल्या न्याडझोन्याच्या छावणीवर ऱ्होडेशियाच्या सैन्याची खास तुकडी सेलस स्काउट्स, तिचे लोक शत्रूच्या गणवेशात घुसले आणि शेकड्यांनी माणसं मारली. ऱ्होडेशिया म्हणे गनिमांचा तळ, मोझांबिक म्हणे निर्वासितांची छावणी. त्या दिवशी पायवाटच्या लेफ्टनंटने काय लिहिलंय? तेही उघडा.

पायवाट

९ ऑगस्टला तो रजेवर होता. सॉल्सबरीत (आजचं हरारे) सिनेमा पाहिला आणि दात काढून घेतला. दहा तारखेचं पान कोरं आहे.

आणि नावं मोजली, संध्याकाळ गेली. गोऱ्या सहकाऱ्यांची भरपूर, टोपणनावांसकट. काळ्या शिपायांची मोजकी, तीही बहुतेक नुसती पहिली नावं. गावकऱ्यांत एकच. माग काढायला सोबत घेतलेला म्हातारा. त्याचं नाव तीनदा आलंय आणि तिन्ही वेळा स्पेलिंग वेगळं. मुसासा, तुम्हाला तिथली शोना भाषा येते, तिन्ही व्यक्तिगत निरोपात पाठवतो. खरं नाव कुठलं असेल तेवढं सांगाल का?