परदेशातल्या मराठी माणसाने इथल्या राजकारणावर बोलावं का?

एडिसनकर:
२०१९चा पहाटेचा शपथविधी आठवतोय ना? २३ नोव्हेंबर, तिकडे सकाळचे आठ, आमच्याकडे न्यू जर्सीत शुक्रवारची रात्र. भांडी घासता घासता फोनवर बातम्या लावल्या तर राजभवनात फडणवीस आणि अजित पवार शपथ घेतायत! पुण्याला आईला फोन केला तर ती म्हणे अरे पेपरात तर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार असं आलंय. मग कोर्ट, २६ला राजीनामे, २८ला शिवाजी पार्कवर ठाकरेंचा शपथविधी, रात्रीची झोप गेली ती गेलीच. फॅमिली ग्रुपवर मत टाकलं तर चुलतभाऊ म्हणाला, तू डॉलर कमव, इथलं आम्ही बघतो. फार लागलं ते. पासपोर्ट भारताचा आहे, आईबाबा तिथे आहेत, मी बोलणारच.

उदगीरचा_पाटील:
बोला की, कोण अडवलंय. पण तुमची झोप गेली, आमचं पीक गेलं होतं. त्याच वेळी अवकाळीने कापलेल्या सोयाबीनला बनमीतच, म्हणजे रचलेल्या ढिगातच, कोंब फुटले, मुंबईत सरकारच नाही, राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी हेक्टरी ८००० जाहीर केले ते पण दोन हेक्टरपर्यंतच. तुम्हाला ती मॅच होती हो, रागावू नका.

एडिसनकर:
मॅच नव्हती दादा. आणि मत द्यायचं म्हटलं तर परदेशातल्यांसाठीचा ६अ फॉर्म भरून मतदार यादीत नाव लागतं, पण बटण दाबायला स्वतः बूथवर यावं लागतं. प्रॉक्सीचं, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने मत द्यायचं बिल २०१८ला लोकसभेत पास झालं आणि पुढे लॅप्स झालं. मत देता येत नाही, बोलूही नको, मग करू काय?

कुवेत_रत्नांग्री:
परदेश म्हणजे फक्त अमेरिका नाय. मी इथे एसीचं काम करतो, घर माझ्या पैशावर चालतं, सुट्टी मिळते गणपतीला नायतर मे महिन्यात, आणि २०२४चं विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. तिकीट काढून जाणार कसा? बोटीची डिझेल सबसिडी, गावचा रस्ता, सगळं माझ्या घरावर येतं की.

उदगीरचा_पाटील:
कुवेतवाल्या भाऊंचं पटतं. एडिसनकरांचं अजून नाही. आमच्याकडचे ऊसतोड मजूर नोव्हेंबरात कारखान्याच्या फडावर असतात, बायकापोरांसकट, कितीतरी जणांचं मत बुडतं आणि ते तर देशातच आहेत. सोय करायची तर पहिली त्यांची करा, मग कुवेत, न्यू जर्सी सगळ्यात शेवटी.