भेसळीचा माल विकला तर खटला दुकानदारावरही हवाच

मीमेघना
भेसळीचं प्रकरण निघालं की हमखास ऐकू येतं, ‘दुकानदाराचा काय दोष, वरून आला तसा माल त्याने विकला.’ मला हे अजिबात पटत नाही. गिऱ्हाईकाची गाठ पडते ती फक्त दुकानदाराशी. माल कुठल्या घाऊक व्यापाऱ्याकडून आला हे त्याला ठाऊक असतं, आपल्याला नसतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलं गेलं आणि ड्रॉप्सीच्या (अंगाला सूज आणणाऱ्या आजाराच्या) साथीत साठाहून जास्त माणसं गेली. ते तेल कुणाच्या तरी दुकानातूनच घरोघरी पोचलं ना? असुरक्षित अन्न विकणाऱ्यावर फौजदारी खटला भरा. त्याने पुराव्यासह वरचं नाव दिलं तर तो सुटेल आणि खटला वर सरकेल.

किराणावाला
ताई, सीलबंद पाकीट मी फोडून तपासू का? मिरची पावडरमधला रंग नुसत्या डोळ्यांना कळत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. नमुना माझ्या दुकानातून उचलतात म्हणून पहिलं नाव माझं लागतं. कंपनीच्या बाजूने पहिल्या तारखेपासून वकील उभे राहतात, मी मात्र दर तारखेला शटर ओढून कोर्टात. निर्दोष सुटलो तरी तुटलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. ज्याने भेसळ केली त्याला धरा.

वकिलीण
दोघांनीही कायदा नीट बघायला हवा. १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यावर विक्रेता सुटत नसे, त्याला लेखी हमी दाखवावी लागे. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याच्या कलम २७ नुसार विक्रेता जबाबदार ठरतो तो माल मुदत संपल्यावर विकला, अस्वच्छ जागी ठेवला, लेबल दिशाभूल करणारं असलं, माल कुणाकडून आला ते सांगता आलं नाही, किंवा असुरक्षित आहे हे माहीत असून घेतला, तर. पुरेशी काळजी घेतली होती हे सिद्ध केलं की कलम ८० खाली बचावही आहे. शिवाय नुसता कमी दर्जाचा माल असेल तर तुरुंग नाही, ५ लाखांपर्यंत दंड. तुरुंग असुरक्षित अन्नासाठी. त्यात कुणाचा मृत्यू झाला तर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. किराणावाले, सीलबंद पाकीट आणि पक्कं बिल असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

किराणावाला
कागदावर भक्कम. प्रत्येक वेळी पक्कं बिल मागत बसलो तर घाऊकवाला माल दुसऱ्याला देतो. आणि नमुना तपासणाऱ्या सरकारी विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत यायला हवा, तो लांबला तर तेवढ्यात कमी टिकणाऱ्या मालाची मुदत संपते. मग फेरतपासणीचा हक्क घेऊन मी करू काय? या मुद्द्याला आजवर कुणी धड उत्तर दिलेलं नाही.

मीमेघना
अहवालाचं तुमचं म्हणणं रास्त आहे, तिथे सरकारलाच जाब विचारायला हवा. बिलाचं मात्र नाही. बिलाशिवाय माल घ्यायचा हे तुम्ही ठरवता, खाणारा ठरवत नाही.
आणि सुट्या मालाचं काय? दुकानात बघत उभं राहिलं की दिसतं: हळदीचं मोठं पाकीट कात्रीने कापतात, डब्यात उरलेल्या हळदीवरच ओततात आणि बॅच नंबर छापलेली पिशवी कचऱ्यात जाते. त्या क्षणी उत्पादकाचा माग पुसला गेला. हे काम कारखानदाराने केलं नाही. दिल्लीच्या त्या साथीनंतर त्याच वर्षी केंद्राने खाद्यतेल पॅकबंद विकण्याचा आदेश काढला, तो याच कारणासाठी.

प्रयोगशाळेतला
दुकानदारावर खटला भरण्याच्या मी विरोधात. शिक्षा वाढवून भेसळ थांबत नाही, पकडले जाण्याची खात्री असली तर थांबते. वर्षभर नमुने घ्या, फक्त सणासुदीला नको. कलम ४० खाली गिऱ्हाईकालाही फी भरून माल तपासून घेता येतो, हे किती जणांना माहीत आहे?

किराणावाला
सुट्या मालाचं मान्य, तिथे जबाबदारी आमची. पण सीलबंद पाकिटाच्या प्रकरणात आम्हाला साक्षीदार करा, आरोपी नको.

मीमेघना
ज्याने बिल लगेच काढून दिलं त्याला साक्षीदार करायला माझी हरकत नाही. सरसकट सगळ्यांना मात्र नको. कलम ७७ प्रमाणे खटला दाखल करायला गुन्ह्याच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं, लेखी कारणं देऊन अन्न सुरक्षा आयुक्तांनी मंजुरी दिली तर तीन. ‘शोधतो, बघतो’ करत दुकानदाराने वर्ष काढलं तर वरचा माणूस कायमचा निसटतो. स्वतःचं नाव आरोपपत्रात येणार हे कळलं की तेच बिल दुसऱ्या दिवशी सापडतं.